पुष्पवीथी आणि करग

बंगळूरच्या उद्यानकलेचा इतिहास बहुधा राजे आणि अधीक्षक यांच्या नामावळीतून सांगितला जातो. १७६० साली हैदर अलीने लालबागेचा आरंभ केला, येथून ही नामावळी सुरू होते; तीत गुस्ताव्ह क्रुंबिगेल याचे स्थान विशेष आहे. क्यू येथील राजोद्यानात अनुभव घेतलेला हा जर्मन उद्यानविद १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यास आला व १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात लालबागेवर रुजू झाला. निरनिराळ्या ऋतूंत फुलणारे वृक्ष निरनिराळ्या रस्त्यांवर लावावेत, म्हणजे नगर बाराही महिने कोठे ना कोठे बहरलेले राहील, ही त्याची योजना. तिच्यात वनस्पतिशास्त्र, नगररचना आणि चित्रकाराची रंगदृष्टी ही एकत्र आली. शिवाय काळ हेच येथे माध्यम होते. जकरंडा दक्षिण अमेरिकेतील, गुलमोहर मादागास्करचा, हा आक्षेप खोटा नव्हे. मात्र मराठी कवितेने गुलमोहराला केव्हाच आपला मानले आहे.

आक्षेप घ्यावयाचा तो निराळ्या जागी. या कलेचे कर्तृत्व एकाच नावावर जमा होते आणि खड्डे खणणारे, रोपांना पाणी घालणारे हात इतिहासाबाहेर राहतात. बागाईत हा बंगळूरच्या तिगळ समाजाचा परंपरागत व्यवसाय. लालबागेशीही त्याचा संबंध जुना. या समाजाचा करग उत्सव लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपविला गेला, पुष्पवीथी उद्यानशास्त्रज्ञांकडे. वस्तुतः दोन्ही एकत्र वाचावयास हवीत. चैत्र पौर्णिमेच्या रात्री स्त्रीवेषातील पुजारी मोगऱ्याने झाकलेला घट मस्तकी घेऊन धर्मरायस्वामींच्या मंदिरातून निघतो. दैवत द्रौपदी, सोबत खड्गधारी वीरकुमार, आणि वाटेत तवक्कल मस्तानचा दर्गा. नृत्य, पुष्परचना, महाभारतकथा आणि नगराचा भूगोल यांचा हा मेळ कोणत्याही नियोजित रचनेइतकाच सूक्ष्म आहे.

एका बाबतीत तर तो अधिक जागरूक आहे. फुललेल्या वीथीकडे पाहताना पाण्याची आठवण होतेच असे नाही. करगाचे विधी मात्र तळ्यावाचून पुरे होत नाहीत. विसाव्या शतकात संपंगी तळे बुजून त्या जागी कंठीरव क्रीडांगण झाले; धर्मांबुधी तळ्यावर बसस्थानक उभे राहिले. तरीही क्रीडांगणालगत संपंगीचे एक लहानसे कुंड शिल्लक राहिले आहे. ते राहिले, कारण करगाला ते हवे होते.