टेबलावर की खणात?

परवा कॉलवर अमेरिकन क्लायंट म्हणाला, 'लेट्स टेबल इट.' मी उत्साहात स्लाइड उघडली. पलीकडे शांतता! त्याला विषय बाजूला ठेवायचा होता.

पण ह्या शब्दाने भल्याभल्यांना गंडवलंय. पर्ल हार्बरनंतर, डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश सेनाधिकारी वॉशिंग्टनला गेले. तिथल्या चर्चेत त्यांना एक तातडीचा कागद 'टेबल' करायचा होता, म्हणजे लगेच चर्चेला घ्यायचा. अमेरिकनांच्या लेखी टेबल करणं म्हणजे खणात टाकून विसरणं. झालं, जुंपली! बऱ्याच वेळाने कळलं, दोघांना हवं होतं एकच. चर्चिलनेच हे आपल्या महायुद्धाच्या इतिहासात लिहून ठेवलंय.

आपलं वळण ब्रिटिश. संसदेत कागद पटलावर ठेवतात तो सादर करायलाच. तेव्हा कॉलवर सरळ विचारावं, "आत्ता की नंतर?" युद्ध तरी टळेल!