तेजगढची भिंत: गावाचा इतिहास कोण मांडतो?

आज आपण लहान समाजांच्या इतिहासाच्या प्रदर्शनांबद्दल बोलणार आहोत. असा इतिहास दालनात मांडायचा, तर तो मांडणार कोण? आणि मांडलेलं बरोबर आहे की नाही, हे ठरवणार कोण?

जुनी पद्धत आपल्या परिचयाची आहे. मुंबईत राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तिथे जातीजमातींच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पागोटं, लुगडं, दागिने, सगळं बारकाईनं घडवलेलं. पण मूर्ती एखाद्या माणसाची नसते, जातीची असते. त्याच सुमारास, १८६८ ते १८७५ या काळात, ब्रिटिशांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यांतही माणूस आला तो बहुतेक ठिकाणी जमातीचा नमुना म्हणूनच. पाहणारा एक, दाखवला जाणारा दुसरा.

आता गुजरातमधल्या तेजगढला जाऊ. बडोद्याच्या पूर्वेला, छोटा उदेपूर जिल्ह्यातलं हे गाव. या भागात राठवा आदिवासींची वस्ती आहे. त्यांच्या घरात ओसरीच्या आतल्या भिंतीवर पिठोरा रंगवतात. घरात आजारपण आलं, गुरं दगावली, पीक बुडालं, की पिठोराबाबाला नवस बोलायचा. नवस फेडायचा तो भिंत रंगवून. कुमारिका शेणामातीनं भिंत सारवतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. चित्र काढणारे पुरुष, त्यांना लखारा म्हणतात.

चित्रात देवांचे घोडे असतात, पिठोराच्या लग्नाची वरात असते, सूर्य-चंद्र असतात. त्यांच्याबरोबर नांगर धरलेला शेतकरी, ताक घुसळणारी बाई, विहीर, गुरंढोरंही असतात. अलीकडच्या चित्रांत आगगाडी आणि विमानही आलं. म्हणजे देवाच्या भिंतीवर गावाचं जगणं नोंदलं जातं, आणि नोंद चालूच राहते.

खरी गंमत पुढे आहे. चित्र पुरं झालं की बडवो येतो. नावावरून पंढरपूरचे बडवे आठवतील, पण हा राठव्यांचा पुजारी. त्याच्या अंगात येतं आणि तो भिंतीवरची एकेक आकृती तपासतो. काही राहिलं असेल तर सांगतो, लखारा तिथेच भर घालतो. मगच चित्र मान्य. सगळं घर, सगळं गाव समोर बसलेलं असतं. तपासणारा त्यांच्यातलाच, निकालही त्यांच्याचसमोर.

याच तेजगढमध्ये आदिवासी अकादमी आहे. मूळचे भोरचे गणेश देवी बडोद्यात इंग्रजी शिकवत होते. त्यांनी १९९६ मध्ये ‘भाषा’ ही संस्था काढली आणि त्यातूनच पुढे ही अकादमी उभी राहिली. तिच्या संग्रहालयाचं नाव ‘वाचा’. वाचा म्हणजे वाणी. वस्तूंच्या संग्रहाला आवाजाचं नाव देण्यात एक भूमिका आहे: इथे वाद्यं, चित्रं, मातीच्या वस्तू आहेतच, पण बोलायचं त्यांनी, ज्यांच्या त्या आहेत. ‘भाषा’नं ‘ढोल’ नावाचं नियतकालिक आदिवासी भाषांमधून काढलं, तेही याच विचारानं.

आज पिठोरा कॅनव्हासवर उतरून शहरांत पोचला आहे. २०२३ मध्ये परेश राठवा यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली. मानही मिळतो, चार पैसेही मिळतात, हे चांगलंच. पण दिवाणखान्यातल्या पिठोराला नवस नाही आणि समोर बडवो नाही. आता ते चित्र पुरं आहे की अपुरं, हे कोण सांगणार? घेणारा सांगू शकत नाही. त्याला ते सुंदर दिसतं, एवढंच.

आपल्याकडेही शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमांत जुन्या वस्तू मांडतात. जात्याखाली पाटी असते: ‘जुने जाते’. ते कुणाच्या घरचं, त्यावर कोण दळत होतं, हे सांगणारी म्हातारी अनेकदा त्याच गावात असते. पाटी लिहिण्याआधी तिला बोलवावं. आणि लिहून झाल्यावरही बोलवावं, काय राहिलं ते सांगायला.