सुनील जाना यांची विस्थापितांची छायाचित्रे : इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :
इतिहासलेखनात लिखित कागदपत्रांबरोबरच छायाचित्रांनाही साधन म्हणून मान्यता मिळाली आहे. विस्थापितांच्या इतिहासात तर हे साधन विशेष मोलाचे ठरते. कारण घरदार सोडून निघालेला माणूस मागे दप्तर ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात वृत्तछायाचित्रकार सुनील जाना (१९१८-२०१२) यांच्या कार्याच्या आधारे या साधनाचे मोल व मर्यादा यांचा विचार केला आहे.

जीवन व कार्य :
जाना यांचा जन्म आसाममधील दिब्रुगढ येथे झाला. ते वाढले कलकत्त्यात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी जाना व चित्रकार चित्तप्रसाद यांना सोबत घेऊन दुष्काळग्रस्त भागाचा दौरा केला. अन्नाच्या शोधात गाव सोडलेल्या माणसांची जाना यांनी टिपलेली छायाचित्रे 'पीपल्स वॉर' या पक्षाच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाली. साहित्याचा हा विद्यार्थी पुढे मुंबईत येऊन पूर्णवेळ वृत्तछायाचित्रकार झाला. १९४७ च्या फाळणीतील निर्वासितही त्यांनी टिपले. १९४८ मध्ये जोशी पदावरून दूर झाले, तसे जाना हेही पक्षापासून दुरावले व कलकत्त्यास परतले. उत्तरायुष्यात ते प्रथम लंडनला व नंतर अमेरिकेत गेले. बर्कले येथे त्यांचे निधन झाले.

साधनाची मर्यादा :
दुष्काळाच्या या छायाचित्रांतून उपासमारीचे स्वरूप कळते. परंतु समोरच्या माणसाचे नाव व गाव बहुधा कळत नाही. हा प्रश्न जालना जिल्ह्यालाही परका नाही. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रेल्वे रुळांवर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. ते गावाकडे पायी निघाले होते. त्यांची नावे वृत्तपत्रांत छापून आली. लोकांच्या स्मरणात मात्र राहिले ते रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र. १९४३ प्रमाणेच येथेही दुःख उरले, माणूस निसटला.

समारोप :
जालन्यात कारखान्यांसाठी मजूर येतात आणि याच जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी कुटुंबे बाहेर पडतात. त्यांची छायाचित्रे आज सहज निघतात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ती जमविताना संबंधितांच्या संमतीने नाव, गाव, दिनांक व त्यांचे स्वतःचे निवेदन यांची नोंद ठेवावी. जाना यांच्या कार्याचा वारसा अशाच नोंदींतून पूर्णत्वास जाईल.