दारूभट्टी (पूर्व विदर्भ)

दारूभट्टी ही पूर्व विदर्भात देशी दारूच्या परवानाधारक दुकानास रूढ असलेली संज्ञा आहे. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव व भोवतालच्या खेड्यांत ती केवळ 'भट्टी' अशीही वापरली जाते. वस्तुतः या दुकानांत आज काहीही गाळले जात नाही. तेथे प्रामुख्याने मळीच्या मद्यार्कापासून कारखान्यात बनलेली, बहुधा संत्र्याच्या वासाची दारू बाटलीबंद मिळते. गाळणे आणि पिणे एकाच छपराखाली चालत असे, त्या काळाची खूण मात्र नावात उरली आहे.

मूळ भट्टी

मूळ भट्टी मोहाची होती. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात आणि बायका-मुले ती टोपल्यांत वेचून उन्हात वाळवतात. वाळलेली फुले पाण्यात काही दिवस आंबवली की 'सडवा' तयार होतो. तो मडक्यात उकळून त्याची वाफ थंड केली जाते. प्रथम उतरणारी दारू सर्वांत कडक असते. 'पहिल्या धारेची' हा मराठीतील वाक्प्रचार त्यावरूनच आला.

ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात सरकार भट्ट्यांचा ठेका लिलावाने देई. दारू गाळून विकण्याचा हा व्यवसाय परंपरेने कलार समाजाकडे होता. पुढे हा समाज शेती व व्यापाराकडे वळला. मध्यवर्ती आसवनींतून दारू पुरवण्याची पद्धत आल्यावर गावची भट्टी विझली आणि तिच्या जागी निव्वळ दुकान उरले. गोंड समाजात मात्र मोहाच्या दारूचे स्थान वेगळे आहे. जन्म, विवाह, मृत्यू आणि पेन अर्थात देवतांच्या पूजेत ती अर्पण केली जाते. दुकानातील पव्वा ही उणीव भरून काढू शकत नाही.

कायदा व विरोध

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. गोंदियात ती नाही. तथापि दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या संसारांची झळ येथेही स्त्रियांनाच अधिक बसते. गावातील दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदानाची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी व आडवी बाटली ही चिन्हे असतात आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीस कौल दिल्यास दुकान बंद होते. निम्म्याहून अधिक म्हणजे मतदानास आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण महिलांपैकी. मजुरीचा दिवस बुडवून केंद्रावर येणे सर्वांना शक्य नसल्याने ही अट कठीण ठरते.

मोहफुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. त्यामुळे वाळलेली फुले व्यापाऱ्यास उघडपणे विकता येतात. परवान्याविना दारू गाळणे मात्र अद्याप गुन्हा आहे. जिल्ह्याची सीमा ओलांडली की मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरापुरती ती गाळण्याची मर्यादित मुभा आहे.