अ‍ॅक्युपंक्चर: सुई आणि शेक

‘अ‍ॅक्युपंक्चर’ हा शब्द चिनी नव्हे, लॅटिन. ‘आकुस’ म्हणजे सुई, ‘पुंक्तुरा’ म्हणजे टोचणे. जपानात राहिलेले डच वैद्य विलेम टेन रायने यांच्या 1683 च्या ग्रंथाने तो युरोपात रुजवला. मूळ चिनी ‘झेनज्यू’मध्ये सुईबरोबर औषधी वनस्पतीचा शेकही आहे, लॅटिन नावातून तो गळाला. सुश्रुतसंहितेतल्या ‘वेध’मध्ये या पद्धतीचा उगम आहे, असे कुणी म्हणेल, पण सिरावेध, कर्णवेध ही शस्त्रकर्मे. शब्द जुळला म्हणून उपचार जुळत नाही. भारतात ही पद्धत आणली ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चीनमधले सहकारी डॉ. बसू यांनी. महाराष्ट्राच्या 2015 च्या स्वतंत्र अधिनियमातही ‘अ‍ॅक्युपंक्चर’ हेच नाव आहे. बोलण्यात मात्र त्याची ‘अ‍ॅक्युप्रेशर’शी सरमिसळ होते, तिथे सुई नाही, बोटांचा दाब असतो. उपचारापूर्वी हा भेद विचारून घ्यावाच.