पाण्याचे समीकरण : एका चुकीचा इतिहास

पाणी तयार होण्याचे समीकरण लिहायला सांगितले, की वर्गातून एक उत्तर हमखास येते :

एच₂ + ओ → एच₂ओ

आपण त्यावर लाल रेघ मारतो. पण एखाद्या मुलीने विचारले, ‘डावीकडे हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. उजवीकडेही तेवढेच. मग चुकले काय?’ तर ‘ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात’, एवढे सांगून आपण पुढे जातो. ते कशावरून, हे सांगायचे राहून जाते. याच ‘कशावरून’ने रसायनशास्त्रज्ञांना जवळजवळ पन्नास वर्षे छळले होते.

दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला पाहिजे, हा आग्रह लव्हाझिएचा. १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात द्राक्षरस आंबण्याची क्रिया त्याने बीजगणितातल्या समीकरणासारखी मांडली. एका बाजूला द्राक्षरस, दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइड (त्याच्या भाषेत कार्बनी आम्ल) आणि अल्कोहोल. हा हिशेब वजनांचा होता, अणूंचा नव्हे.

अणू आणले जॉन डाल्टनने, १८०८ मध्ये. पण पाण्याच्या एका कणात कोणते अणू किती, हे पाहणार कसे? डाल्टनने सोपा नियम धरला : दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोघांचा एकेक अणू मानावा. म्हणून त्याचे पाणी ‘एचओ’ झाले. (ही अक्षरे मात्र त्याची नव्हेत. तो वर्तुळे काढीत असे. अक्षरांच्या संज्ञा बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये रूढ केल्या.)

त्याच १८०८ साली गे-ल्युसॅकने वायूंच्या आकारमानांचा नियम मांडला. हायड्रोजनची दोन मापे आणि ऑक्सिजनचे एक माप मिळून वाफेची दोन मापे होतात. आता समान मापात समान कण असतात असे धरू. ऑक्सिजनच्या एका मापात शंभर कण असतील, तर वाफेच्या दोन मापांत दोनशे. त्या प्रत्येकात ऑक्सिजन हवाच. मग शंभरांचे दोनशे झाले कसे? ऑक्सिजनचा कण अर्धा झाल्याशिवाय हे शक्य नाही. अणू तर अविभाज्य! डाल्टनने गे-ल्युसॅकची मापेच अचूक नाहीत असे ठरवले.

वाट दाखवली ॲव्होगाड्रोने, १८११ मध्ये. अर्धा होतो तो अणू नव्हे, रेणू. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असले, तर कोडे सुटते :

२एच₂ + ओ₂ → २एच₂ओ

पण एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील, हे डाल्टनला पटेना आणि बर्झेलियसलाही. परिणामी अणुभारांचा गोंधळ माजला. कोणी ऑक्सिजन ८ धरी, कोणी १६. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाची वापरात असलेली १९ सूत्रे केक्युलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदवली आहेत. १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे भरलेल्या परिषदेत कॅनिझारोने ॲव्होगाड्रोची बाजू मांडली, त्याची पुस्तिका तिथे वाटली गेली, आणि त्यानंतर हळूहळू एकवाक्यता झाली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. तिच्या समीकरणात अणू जुळतात, वजनही जुळते : २ आणि १६ मिळून १८. पण त्यानुसार वायूंची मापे एकास एक येतील, आणि प्रयोगात ती दोनास एक येतात. तिची चूक आकडेमोडीची नाही. तिला प्रयोग माहीत नाही, एवढेच.

म्हणून समीकरण जुळवून झाल्यावर ते मुलांकडून वाचून घ्यावे, असे आम्हाला वाटते. रेणूंत वाचले तर दोन, एक, दोन. वजनात ४ ग्रॅम आणि ३२ ग्रॅम मिळून ३६ ग्रॅम. पाणी वाफेच्या रूपात असेल, तर मापांतही दोन, एक, दोन. समोरचा आकडा रेणूंची संख्या सांगतो, पायाशी असलेला रेणूची घडण. घडणीला हात लावून ‘एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂’ केले, तर हिशेब जुळतो, पण पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते.

समीकरण काय सांगत नाही, तेही दाखवावे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिश्रण नेहमीच्या तापमानाला नुसते पडून राहते, ठिणगी पडली की स्फोट होतो. ठिणगीचा उल्लेख समीकरणात कुठेच नाही.

पुढच्या वेळी वहीत ते चुकलेले समीकरण दिसले, तर लाल रेघ मारण्याआधी फळ्यावर ही तीन मापे काढून पाहावीत.