चेक इंजिनचा दिवा कोणी लावला?

१/
२६ जुलै १९४३. महायुद्ध ऐन भरात होते. लॉस एंजेलिसवर भरदिवसा असे दाट धुरके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायू सोडला असावा, अशी शंका अनेकांना आली. तसा हल्ला झालाच नव्हता. मोटारीच्या डॅशबोर्डवर आज पेटणाऱ्या पिवळ्या दिव्याचा इतिहास मात्र याच धुरक्यातून सुरू होतो. #थ्रेड

२/
प्रथम संशय कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद ठेवला, तरी धुरके येतच राहिले. पुढे कॅल्टेकमधील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी कोडे सोडवले. तोवर हे गृहस्थ अननसाच्या स्वादाचे रसायन शोधत होते! मोटारींच्या व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कडक उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले.

३/
१९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने वायुसंसाधन मंडळ स्थापले. त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांच्याकडेच आले.

४/
नियम कडक झाले तसे अभियंते पेचात सापडले. धूर शुद्ध करणारा त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा, तर एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत राखावे लागते. कार्ब्युरेटरच्या आवाक्यातले हे काम नव्हे. १९७६ मध्ये बॉशचा लॅम्डा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला. तो धुरातील प्राणवायू पाहून संगणकाला कळवी, आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करी.

५/
पण आत येणारी हवा मोजायची कशी? बॉशच्या एल-जेट्रॉनिक प्रणालीत (एल म्हणजे 'लुफ्ट', जर्मन भाषेत हवा) हवेच्या रेट्याने एक झडप ढकलली जाई. त्यातून हवेचे आकारमान कळे, वस्तुमान नव्हे. आणि घाटमाथ्यावर किंवा भर उन्हाळ्यात हवा विरळ असते. १९८०च्या दशकाच्या आरंभी यावर सुंदर तोडगा निघाला: केसासारखी बारीक, तापवलेली प्लॅटिनमची तार. वाहती हवा तिला थंड करते. तिचे तापमान टिकवायला जितकी वीज लागते, त्यावरून हवेचे वस्तुमान कळते. तारेवर धूळ बसली की माप चुकते, म्हणून इंजिन बंद होताच ती क्षणभर सुमारे १००० अंशांपर्यंत तापवून मळ जाळून टाकण्याची सोयही केलेली होती.

६/
संगणक आला तसा त्याला स्वतःचे दोष नोंदवण्याचे कामही मिळाले. जनरल मोटर्सच्या गाड्यांत सॉकेटमधील दोन टोके तारेने जोडली की दिवा लुकलुके. एकदा, थोडा थांबा, मग दोनदा: कोड १२. चव्वेचाळीस म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पंचेचाळीस म्हणजे जास्त. मेकॅनिक पाटी-पेन्सिल घेऊन लुकलुक मोजत बसे.

७/
कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून अशी स्वनिदान-व्यवस्था सक्तीची केली, पण सॉकेट आणि कोड कंपनीगणिक वेगळेच राहिले. एका कंपनीचे यंत्र दुसरीच्या गाडीला निरुपयोगी. लहान गॅरेजवाल्याने किती यंत्रे विकत घ्यायची?

८/
याचे उत्तर ओबीडी-२. १९९६पासून अमेरिकेतील प्रत्येक नव्या मोटारीत एकाच घाटाचे १६ पिनांचे सॉकेट आणि समान कोड आले. १९९०च्या स्वच्छ हवा कायदा-दुरुस्तीने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांनाही देणे कंपन्यांना भाग पाडले. दिव्याचा निकष मात्र धुराचाच राहिला: बहुतेक बिघाडांत प्रदूषण मर्यादेच्या दीडपटीपलीकडे जाण्याचा संभव दिसला, की तो पेटतो. गाडी झकास पळत असतानाही दिवा का पेटतो, याचे कारण येथे आहे.

९/
आता एक कोड वाचून पाहू: पी०१७१. 'पी' म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान, १ म्हणजे इंधन व हवेचे मापन. अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे आणि संगणक ते वाढवून वाढवून थकला आहे. कोणता भाग बिघडला, हे कोड सांगत नाही. मळलेला हवा-सेन्सर असेल, फाटलेला रबरी पाइप असेल किंवा दमलेला पेट्रोल पंप. कोड पाहून थेट सेन्सर बदलणे म्हणजे ताप पाहून औषध देणे.

१०/
जाणता मेकॅनिक संगणक किती पेट्रोल वाढवतो आहे, हे आधी आयडलिंगवर आणि मग सुमारे २५०० आरपीएमवर पाहतो. तूट आयडलिंगवर मोठी आणि वेग वाढताच घटत असेल, तर सेन्सरला चुकवून कोठून तरी हवा आत शिरते आहे. इंजिनावर भार येताच तूट वाढत असेल, तर संशय सेन्सरवर किंवा पंपावर.

११/
युरोपात पेट्रोल गाड्यांना ही व्यवस्था २००१ मध्ये लागू झाली. भारतात १ एप्रिल २०१० रोजी मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत बीएस-४ आले आणि त्याबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा. दुसरा २०१३ मध्ये.

१२/
२०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोटार-दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. तोवर गाड्या सॉकेट टाळून बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे माहिती पाठवू लागल्या होत्या. २०२० मध्ये मतदारांनी तीही माहिती खुली करण्याच्या बाजूने कौल दिला. उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली.